बोल्ट जर काही रुपयांचाच, तर स्टँडर्ड साइझचा एवढा आग्रह कशाला?

तुमच्या छोट्या बेल्ट कन्व्हेयरच्या डिझाइनमध्ये 19 प्रकारचे बोल्ट-स्क्रू झालेत, साहेब ते कमी करायला सांगतात आणि तुम्हाला तो खटाटोप वाटतो. मी मशीन डिझाइनमध्येच काम करतो. माझं मत साहेबांच्या बाजूने आहे.

बोल्टची किंमत सोडून द्या. खर्च वाढतो तो प्रकार वाढल्यामुळे. प्रत्येकाला वेगळा आयटम कोड, वेगळी खरेदी, स्टोअरमध्ये वेगळा बिन. फिटर एम6 (म्हणजे 6 मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी 10 चा पाना घेतो, एम8 साठी 13 चा; मध्येच अ‍ॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) आला की पाना ठेवून अ‍ॅलन की शोधायची. आणि एखादाच प्रकार संपला तरी बाकी सगळं हजर असून मशीन तसंच पडून राहतं.

लांबीचं बघा. 5 आणि 6 मिमीच्या दोन पट्ट्या एम8 ने जोडायच्या आहेत. पट्ट्या 11, वॉशर 1.6, नट 6.8 आणि नटाबाहेर दोन आटे म्हणजे 2.5. बेरीज 21.9. इथे नवा डिझायनर ड्रॉइंगवर सरळ ‘एम8×22’ लिहून मोकळा होतो. दुकानात मात्र 20 नंतर 25 च हाताला लागतो. 20 चा लावला तर नटाबाहेर अर्धा आटासुद्धा येत नाही. 25 चा घ्या. साडेपाच मिमी बाहेर राहील, पलीकडे काही अडत नसेल तर राहू दे. 22 च्या हट्टापायी बोल्ट कापून घेणं किंवा खास बनवून घेणं म्हणजे फुकटचा खर्च.

तसंच एम6 आणि एम8 शेजारी-शेजारी असतील तर भोकाचं पट्टीच्या कडेपासूनचं अंतर पुरतं का बघा आणि सगळे एम8 करा. एकाच ग्रेडमध्ये (ताकदीच्या वर्गात) एम8 हा एम6 च्या सुमारे 1.8 पट ताण घेतो, म्हणजे ताकदीची काळजी नाही. सेन्सरच्या एम3 ला मात्र हात लावू नका.

एम10 ला जरा जपून. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याच्या डोक्याला 16 चा पाना लागतो, जुन्या डीआयएन या जर्मन मानकाप्रमाणे 17 चा, आणि आपल्याकडे दोन्ही विकले जातात. म्हणून ऑर्डरमध्ये नुसतं ‘एम10’ न लिहिता मानकाचा नंबरही लिहा. आट्यांमधला असाच फरक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेला फार जड गेला होता. ब्रिटिश व्हिटवर्थ आटा 55 अंशांचा, अमेरिकन 60 चा, त्यामुळे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसत नसत. अखेर 1948 मध्ये कॅनडासह तिघांनी एक आटा मान्य केला.

एक गोष्ट मात्र प्रकार कमी करतानाही सोडू नका: एकाच व्यासाचे, एकाच लांबीचे 8.8 आणि 10.9 ग्रेडचे बोल्ट एका मशीनमध्ये ठेवू नका. डोक्यावरचा आकडा वाचूनच फरक कळतो, आणि घाईत तो कुणी वाचत नाही. 10.9 लागतोच तिथे व्यास बदला, म्हणजे चुकीचा बोल्ट बसणारच नाही.