ताई, राजीनामा द्यायच्या आधी ऑफिसची मेडिक्लेम पॉलिसी उघडा

ताई, पत्र दोनदा वाचलं. मुलगी ८ वर्षांची, जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले, दोन्ही ऑपरेशनं झालीत, नाशिकला मनपा शाळेत तिसरीत आहे, पोरं तिच्या ओठावरून आणि नाकातून बोलण्यावरून चिडवतात, आता ती सकाळी दप्तरालाच हात लावत नाही, म्हणून तुम्ही ३४ हजारांची नोकरी सोडून तिला घरीच शिकवायचं म्हणताय. वाचून पोटात तुटलं. पण मला आत्ता राजीनामा पटत नाही.

घरी शिकवलं तर शिक्षण बुडेल ही भीती काढून टाका. एनआयओएसकडून (म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड) तिसरी, पाचवी, आठवीच्या लेव्हलची परीक्षा देता येते, १४ पूर्ण झाली की दहावी, नाहीतर बाहेरून दहावीला बसायचा आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच.

आता पैसे. मिस्टरांचे ४१ हजार, त्यातून हप्ता १४,५०० आणि सासूबाईंची औषधं ४ हजार गेली की उरतात २२,५००, त्यात किराणा, लाईटबिल, पेट्रोल, आणि वर घरच्या शिकवणीचे तुम्हीच लिहिलेले ६ हजार. भागेल हो, पण शिल्लक काही पडणार नाही. दहावीपर्यंत ७ वर्षं धरली तर तुमचा पगार, एकही इन्क्रिमेंट न धरता, २८ लाख ५६ हजार होतो, पीएफ वेगळाच.

पण मला पगारापेक्षा जास्त काळजी मेडिक्लेमची आहे. ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेल्या बऱ्याच मुलांना साधारण ८ ते ११ च्या दरम्यान, सुळा यायच्या आधी, हिरडीत हाड बसवायचं ऑपरेशन लागतं, म्हणजे तुमची लेक नेमकी त्याच वयात आलीय, आणि पुढे १६-१८ ला वाढ थांबली की जबड्याचं किंवा नाकाचंही लागू शकतं. आपण बाहेरून घेतो त्या पॉलिसीत जन्मजात बाहेरून दिसणारा दोष बहुतेक वेळा वगळलेला असतो, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत तो बऱ्याचदा कव्हर असतो, आणि नोकरी सुटली की ते कव्हरही जातं.

दुसरं म्हणजे आरबीएसकेची (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) डॉक्टरांची टीम सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलं तपासते, पट सोडला की मुलगी त्यांच्या यादीतून निसटते. स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांत ओठ-टाळूची ऑपरेशनं फुकट होतात, तिथे हाडाच्या ऑपरेशनचं आणि स्पीच थेरपीचंही विचारून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर सहा हजारांतले २,४०० आधी दर आठवड्याच्या स्पीच थेरपीला लावले असते, मुख्याध्यापकांना चिडवण्याबद्दल लेखी दिलं असतं (तोंडी सांगितलेलं विसरलं जातं हो), आणि ऑफिसात दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली असती, कव्हर चालू राहतं ना ते विचारून. त्या दोन महिन्यांत शाळा बदलायचीय की घरीच बसवायचंय ते लेकीलाच विचारा. आणि शाळेत कोणी अंगावर हात टाकत असेल तर मात्र हे सगळे हिशोब बाजूला ठेवा, उद्यापासून पाठवू नका, पैशाचं आपण बघू.

सोमवारी एचआरकडून पॉलिसीची पूर्ण पीडीएफ मागवा, कार्ड नको, आणि त्यात 'कॉन्जेनायटल एक्स्टर्नल' (म्हणजे तोच जन्मजात बाहेरून दिसणारा दोष) पुढे काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं पाठवा.