वाचक विचारतात: आल्प्समधली माउंटन बाइकची सुट्टी

सातारा, सांगली, कराड, वाई, मिरज, तासगाव या भागांतून सायकलस्वार वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांना काळजी आहे ती चढाची. पण आल्प्सच्या बाइक पार्कमध्ये वर नेण्याचं काम लिफ्ट, म्हणजे रोपवे, करते. माणूस आणि सायकल दोघंही दमतात ते उतारानं. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

आम्ही चौघे मित्र आहोत. मुलांच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हाच निघायचा विचार आहे. जमेल का? (सातारा)

मे महिना नको. आपला उन्हाळा तो तिथला उन्हाळा नव्हे. मेमध्ये वरच्या उतारांवर बर्फ असतो, तो वितळतो तिथे चिखल होतो आणि बहुतेक लिफ्ट बंद असतात. मोठ्या बाइक केंद्रांच्या लिफ्ट साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पूर्ण सुरू होतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. काही केंद्रं थोडी आधी उघडतात, काही उशिरा मिटतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या लिफ्टच्या तारखा बघाव्यात. जूनअखेरीस गेलात तरी २२००-२४०० मीटरच्या वरच्या वाटा बर्फामुळे बंद सापडू शकतात.

सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे जुलै, नाहीतर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला. आपल्याकडे १५ ऑगस्टला जोडून रजा टाकायची पद्धत आहे, पण त्याच दिवशी फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रियातही सणाची सुट्टी असते. त्या आठवड्यात खोल्या महाग आणि लिफ्टला रांगा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि विजा चमकू लागल्या की लिफ्ट थांबवतात. त्यामुळे उंचावरची, लांबची फेरी सकाळीच उरका आणि दुपारी गावाजवळच्या वाटांवर या.

मे सोडून रजाच नसेल, तर इटलीतल्या गार्डा सरोवराकाठी रिव्हा आणि तोरबोले ही गावं धरा. सरोवराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ६५ मीटर, त्यामुळे खालच्या वाटा मेमध्ये कोरड्या मिळतात. तिथे चढ मात्र बराचसा स्वतःच्या पायांनी करावा लागेल.

ठिकाणं एवढी आहेत की डोकं चालेनासं झालंय. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कुठे जावं? (कराड)

आमचं मत विचाराल तर पोर्ट द्यू सोलेय. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरची बारा गावं मिळून हे एक क्षेत्र होतं आणि एकाच पासवर सगळीकडच्या लिफ्ट चालतात. जिनिव्हा विमानतळावरून त्यातलं फ्रान्सकडचं मोर्झिन गाव गाडीनं सव्वा ते दीड तासावर. शेजारच्या ले जे गावात सोप्या वाटा भरपूर आहेत, म्हणून पहिले दोन दिवस तिथेच काढा. स्वित्झर्लंडकडच्या शांपेरीच्या बाजूला उतार फार तीव्र आहे आणि वाटेत मुळांची जाळी. पाऊस पडून गेला असेल तर तिकडे फिरकू नका.

ऑस्ट्रियात झालबाख आणि लेओगांग ही गावं जोडून आहेत. कोलमाइस डोंगरावरची मिल्का लाइन ही निळी वाट नवख्याला हात बसवायला चांगली. लेओगांगमधली स्पर्धेची वाट मात्र जागतिक दर्जाची आहे, ती बाजूला उभं राहून बघावी. इटलीतलं लिव्हिन्यो गाव १८१६ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. तिथल्या वाटा रुंद आणि वळणदार, फार दणके न देणाऱ्या. पहिल्या दिवशी धाप लागते, झोप नीट येत नाही, म्हणून तो दिवस हलका ठेवा.

वाटांचे रंग नीट समजून घ्या. फ्रान्समध्ये हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, लाल आणि काळी. ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी सुरुवातच निळ्यापासून होते. कास, यवतेश्वरच्या दगडधोंड्यांच्या वाटांवर सराईत असलेल्यानंही पहिला दिवस निळ्यावर काढावा. आपल्याकडे मुरमावर घसरण्याची सवय असते. तिथे घात करतं ते ओलं मूळ. त्यावर तिरकं चाक गेलं आणि त्याच क्षणी ब्रेक दाबला, तर सायकल पायाखालून निघून जाते. मूळ काटकोनात ओलांडा, ब्रेक त्याआधी किंवा नंतर.

व्हिसा कोणत्या देशाचा घ्यायचा? वाटा तर दोन देशांतून जातात. (कराड)

ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार, त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज करायचा. सगळ्या रात्री मोर्झिनमध्ये असतील तर फ्रान्स, मग दिवसा स्वित्झर्लंडमध्ये कितीही वेळा उतरलात तरी चालतं. रात्री सारख्या असतील तर पहिला प्रवेश जिथे होतो तो देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते. जुलैत जायचं तर मार्च-एप्रिलमध्येच कागद तयार ठेवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

सीमेवर कुणी अडवत नाही, तरी पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत असू द्या. मोबाइलचा युरोपचा डेटा पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते बघा. तो देश युरोपीय संघात नाही आणि डोंगराच्या धारेवर फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो. पॅकमध्ये नसेल तर बिल भरमसाट येतं किंवा नकाशाच बंद पडतो.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्यानं घ्यावी? (सांगली)

हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) असेल तर न्यायचा विचारच सोडा. पुढे १६० मिलिमीटर आणि मागे साधारण तेवढंच सस्पेन्शन असलेली एंड्युरो, म्हणजे अवघड उतारांसाठी बनवलेली, सायकल तिथे भाड्यानं घ्या. चांगल्या सायकलीला दिवसाला साधारण ८० ते १२० युरो पडतात, पाच-सहा दिवसांचा दर कमी होतो. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवतात, म्हणून कार्डाची मर्यादा आधी तपासा. मोडतोडीचं जादा संरक्षण मिळत असेल तर घ्या. डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) दगडावर आपटून तुटणं ही रोजची गोष्ट आहे आणि त्याचं बिल मोठं येतं. हेल्मेट, गुडघ्या-कोपराचे पॅड, ग्लोव्ह्ज आणि बूट मात्र स्वतःचे न्या. हेल्मेट हनुवटी झाकणारं, फुल-फेसच हवं.

सायकल ताब्यात घेताना सर्वांत आधी ब्रेक कोणत्या हाताला कोणता आहे ते बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात तो डाव्या हाताला असतो. सवयीनं ‘मागचा’ म्हणून डावा दाबला की पुढचं चाक जाम होतं आणि स्वार हँडलवरून पलीकडे जातो. बुकिंग करतानाच उजवा ब्रेक पुढचा करून मागा. काही ब्रेकचे लिव्हर सहज अदलाबदल होतात, काहींच्या नळ्या बदलाव्या लागतात, म्हणून दुकानाला दोन दिवस आधी कळवा. नाही जमलं तर सपाट जागेवर अर्धा तास नुसता ब्रेकचा सराव करा, मगच लिफ्टला जा.

मग सस्पेन्शन. सगळा साज चढवून सायकलवर उभे राहा. तुमच्या वजनानं मागचं सस्पेन्शन २५ ते ३० टक्के, पुढचं १५ ते २० टक्के दबायला हवं. ७०-७५ किलोच्या माणसाला २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२-२४ आणि मागे २५-२८ पीएसआय हवा पुरते. हवा कमी राहिली तर दगडावर रिम चेपते, जास्त झाली तर ओल्या मुळांवर पकडच राहत नाही.

माझी एंड्युरो सायकल मी नेणारच आहे. पॅकिंग कसं करू? (मिरज)

मग ब्रेकपासून सुरुवात करा. निघण्याच्या महिनाभर आधी ब्रेक ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं तेल काढून नवं भरून घ्या. काही ब्रेकमध्ये असतं ते डॉट तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे पावसाळाभर सायकल दमट खोलीत असते. ओलावा गेला की तेलाचा उत्कलनबिंदू खाली येतो. आल्प्समध्ये सलग हजार मीटर उतरताना ते तेल उकळतं, नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये चुकूनही डॉट घालू नका, सील फुगून ब्रेक कामातून जातो. ब्रेकचे पॅड मेटॅलिक बसवा आणि पुढचे-मागचे मिळून दोन जादा संच जवळ ठेवा. ऑर्गॅनिक पॅड शांत चालतात, पण ओल्या मातीत बघता बघता झिजतात. रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) निदान पुढचा तरी २०० मिलिमीटरचा असावा.

आता खोलणं. पेडल काढताना पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे वळवा, दोन्ही पेडल तसेच सुटतात. डावीकडचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावला की क्रँकचे आटे जातात. चाकं काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये स्पेसर किंवा पुठ्ठ्याची जाड घडी घाला. पिशवीत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि तिथे पोचल्यावर रोटर आत जात नाही. रोटर उतरवून कपड्यांत गुंडाळा, बोल्ट डबीत. डिरेलर हँगरपासून (तो फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यापासून) सोडवून फडक्यात बांधा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला टाय लावून अडकवा. फोर्कच्या टोकांमध्ये आधार हवा, नाहीतर वरून वजन पडलं की फोर्कचे पाय वाकतात. टायरमधली हवा अर्धी करा, पूर्ण नको. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला तर सीलंट (आतला पंक्चर बुजवणारा द्रव) सगळ्या पिशवीत पसरतं.

जादा डिरेलर हँगर घ्याच. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तिथल्या दुकानात तुमचाच मिळेल याची खात्री नाही. शिवाय साखळी जोडायची क्विक लिंक, पंक्चरचे प्लग, एक ट्यूब आणि छोटा टॉर्क पाना. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या नेऊ नका, पंप पुरतो. ई-बाइकची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. मर्यादा १६० वॉट-तासांची आहे आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी पट असतात. पिशवीसकट वजन २३ किलोच्या आत बसतंय का ते घरीच काट्यावर करून बघा आणि सायकल नेणार हे विमान कंपनीला तिकिटाबरोबरच कळवा.

मुंबई विमानतळावर जाताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यासाठी सायकल चेक-इन करण्याआधी दाखवावी लागते. फ्रेम नंबर आणि खरेदीची पावती जवळ ठेवा. परत येताना महागडी सायकल परदेशात घेतली असं समजून ड्यूटी मागितली, तर तोच कागद कामाला येतो.

रोज पसरणी घाट चढतो. एवढी तयारी पुरेल का? (वाई)

दम पुरेल, हात पुरणार नाहीत. वाई ते पाचगणी उंचीतला फरक साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर. लिफ्टवर दिवस काढला तर चार-पाच हजार मीटर उतार सहज होतो, तोही डांबरावर नव्हे. दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखे होतात, बोटांनी लिव्हर दाबवत नाही आणि बरेच अपघात त्या अवस्थेत होतात.

म्हणून दोन महिने आधीपासून बारला लटकणं, भरलेल्या दोन बादल्या घेऊन चालणं, आणि आठवड्यातून दोनदा खडबडीत उतारावर सलग पंधरा मिनिटं पेडलवर उभं राहून उतरणं सुरू करा. साताऱ्याकडच्यांना यवतेश्वराच्या बाजूच्या मुरमाच्या वाटा आहेत, मिरज-सांगलीकरांना दंडोबाचा डोंगर. कासच्या फुलांच्या सड्यावर सायकल घालू नका. तिथली माती बोटभर जाडीची आहे, चाकाची चाकोरी पडली की भरून येत नाही.

लिव्हर कसा बसवलाय तेही बघा. तो हँडलवर आतल्या बाजूला सरकवा, इतका की तर्जनीचं टोक लिव्हरच्या वळलेल्या टोकावर पडेल. बाकीची तीन बोटं ग्रिपवर. ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा तर्जनीचं मधलं पेर वाकलेलं असायला हवं. बोट सरळ ताणून ब्रेक लावावा लागला तर हात लवकर भरतो. आणि ब्रेक सतत घासत उतरू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. सोडलेल्या क्षणात रोटर गार होतो, बोटांनाही उसंत मिळते.

घरात सगळे शाकाहारी. कंदी पेढे, तूप, फराळ न्यावा का? (तासगाव)

पेढे आणि तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, सापडले तर काढून घेतात. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ, डाळ चालतं. तुमच्या गावचे बेदाणे तर जरूर न्या, खिशात मावतात आणि लिफ्टवर बसल्या बसल्या खाता येतात. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा. डोंगरावरच्या झोपडी-हॉटेलात बटाट्याच्या किंवा चीजच्या पदार्थातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. दर वेळी विचारा आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा.

व्हिसासाठी विमा काढलाय. तो पुरेसा आहे ना? (सातारा)

व्हिसाला पुरेसा, सायकलला बहुधा नाही. व्हिसाची अट किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची. पण स्वस्त पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. लिफ्टनं वर जाऊन डाउनहिल माउंटन बाइकिंग आणि हेलिकॉप्टरनं सुटका, या दोन्ही गोष्टी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. एजंटाच्या तोंडी होकारावर जाऊ नका, ईमेलनं लेखी घ्या. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचा खर्च जखमीच्या नावावर लागतो आणि तो हजारो फ्रँकांत असतो.

अपघात झाला तर ११२ हा क्रमांक वरच्या चारही देशांत चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई सुटका सेवेचा १४१४. वाटेचं नाव आणि जवळच्या फलकाचा क्रमांक सांगा. एकानं वर जाऊन वळणाआधी सायकल आडवी टाकून ठेवायची, म्हणजे मागून येणारा जखमीवर आदळणार नाही. हेलिकॉप्टर दिसलं की मदत हवी असल्यास दोन्ही हात वर तिरके, नको असल्यास एक वर आणि एक खाली.

मी सायकल चालवत नाही, पण यांच्याबरोबर जाणार आहे. मला करण्यासारखं काही आहे का? (सांगली)

भरपूर. त्याच लिफ्टनं पायी फिरणाऱ्यांनाही वर जाता येतं आणि पायवाटा सायकलच्या वाटांपासून बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. उन्हाळ्यात बऱ्याच गावांत मुक्कामी पाहुण्यांना कार्ड मिळतं. झालबाखच्या जोकर कार्डावर चालणाऱ्यांना ठरावीक लिफ्ट मोफत आहेत. खोली बुक करताना ते कार्ड तुमचं हॉटेल देतं का, एवढं विचारून घ्या, कारण सगळी हॉटेलं त्या योजनेत नसतात.