सूर-बेसूर: वाचक विचारतात, आम्ही सांगतो

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि दिवसभर ‘द एक्सप्लोडिंग हार्ट्स’ बँडचा ‘गिटार रोमँटिक’ अल्बम लावून बसतो. मी पेटी शिकलेली बाई, मला त्यात चाली ऐकू येतात, पण आवाज इतका फाटका की डोकं उठतं. रेकॉर्डिंग खराब की आमचा स्पीकर? आणि हे पंक की पॉप? – एक आई, फोंडा

उत्तर: ताई, स्पीकर ठीक आहे, दुकानात नेऊ नका! अल्बमच तसा आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या चार पोरांचा हा अल्बम २००३ मध्ये डर्टनॅप नावाच्या छोट्या कंपनीने काढला, १० गाणी, सगळी मिळून २८ मिनिटांच्या आसपास, आणि आवाज सत्याहत्तर सालच्या स्वस्तातल्या सिंगल्ससारखा (एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्ड्स), म्हणजे गिटार करकरतेय, गाणारा शेजारच्या खोलीतून ओरडतोय असं वाटतं. पण चाल ऐकू येते म्हणालात ना, तिथेच तुम्ही नस पकडलीत. एखादं गाणं पेटीवर निम्म्या लयीत वाजवून बघा, ड्रम नाही, ओरडा नाही, तरी मुखडा उभा राहतो आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा आपण आपोआप गुणगुणायला लागतो. पॉवर पॉप म्हणतात ते हेच, बीटल्सच्या वळणाची गोड चाल आणि खाली दणदणीत गिटार. हे नाव ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्येच वापरलं होतं, पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं कच्चं, धावतं रॉक, नंतर आलं आणि त्याने वेग दिला, गिटारचे लांबलचक सोलो कापून टाकले. आपल्याकडे चवथीला घुमट आरती रंगात येते तेव्हा सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत असतात पण चाल कोणी सोडत नाही, तसंच. तर पंक की पॉप, दोन्ही, भांडू नका मुलाशी.

एक वाईट गोष्ट, मुलाला बहुतेक माहीत असेल. जुलै २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून परत येताना यांची व्हॅन उलटली आणि चौघांतले तिघे गेले, विशीतली पोरं. त्यामुळे अल्बमभोवती एक हळवं वलय आलंय, खरं सांगायचं तर ते बाजूला ठेवूनही तो चांगलाच आहे, आणि असल्या वलयाशिवायच ऐकावा असं माझं मत.

प्रश्न: आम्ही चौघे, असलंच काहीतरी वाजवतो. अल्बम करायचाय पण स्टुडिओचे दर ऐकून घाम फुटला. घरी केलं तर लोक हसतील का? – एक ड्रमर, म्हापसा

उत्तर: हसू देत रे! मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने डिसेंबर १९७६ मध्ये मित्र आणि घरच्यांकडून ५०० पाउंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारीत स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीच्या नावाने काढली. आधी १००० प्रती छापल्या, शेवटी १६ हजारांच्या आसपास खपल्या. आणि एवढ्या लांब कशाला, शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ घरीच रेकॉर्ड केला, वाद्यं सगळी स्वतः वाजवली आणि कॅसेट स्कूटरवरून दुकानादुकानात नेऊन पोचवल्या. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता पात्रांव, तुमच्याकडे आहे.

आता कामाचं. ड्रम, बास आणि गिटार एकाच खोलीत एकत्र वाजवा, एकेकाचं वेगळं रेकॉर्ड करून जोडायला गेलात की या संगीतातली धाव निघून जाते, मग ते नुसतं नीटनेटकं वाटतं. गाणं आणि मागचे ‘ऊ-ऊ’ मात्र नंतर करा, सावकाश, दोघातिघांनी एकाच माइकभोवती उभं राहून, पैसा आणि वेळ घालवायचाच असेल तर तिथे घाला कारण लोकांच्या तोंडात तेच राहतं. बासवाल्याला सांगा हात सैल सोडू नको. गाणं तीन मिनिटांच्या पुढे जात असेल तर दुसरा सोलो काढा (गिटारवाला रुसेल, रुसू दे). पावसात करणार असाल तर खोली आधी कोरडी करा, आपल्या दमट हवेत तारा गंजतात, ट्यूनिंग दर गाण्याला सरकतं. आणि लाईट कधी जाईल नेम नाही, प्रत्येक टेक, म्हणजे एकदा वाजवून झालेलं रेकॉर्डिंग, लगेच सेव्ह करा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये त्यांचाही आवाज येईल.

फक्त मिक्स करताना मुद्दाम फाटका आवाज आणायच्या मागे लागू नका. चाल कच्ची असेल तर फाटक्या आवाजाने ती पंक होत नाही, कच्चीच राहते.

प्रश्न: यातलं काहीच ऐकलेलं नाही, सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पणजी

उत्तर: बझकॉक्सचा ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’, १९७९. मग न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम, १९७६ चा, १४ गाणी अर्ध्या तासात संपतात, पणजी-मडगाव बसच्या प्रवासात आरामात ऐकून होतो. तो आवडला नाही तर मेंफिसच्या बिग स्टार बँडचा १९७२ चा पहिला अल्बम ऐका, त्यात पंक नाही पण चालींचा खजिना आहे.