सांबा सारखा सारखा बंद का पडतो?

प्रश्न: आमच्या युनिक्स वर्कस्टेशनवर फायली शेअर करायला सांबा लावलाय, दिवसातून दोन-तीनदा एसएमबीडी (सांबाचा फायली देणारा प्रोग्राम) क्रॅश होतो, रीस्टार्ट केला की परत तासभर ठीक. रॅम बदलून झाली, तरी तेच. काय करू?

उत्तर: रॅमच्या आधी लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची फाईल) बघायचा हो! असो. एसएमबीडी प्रत्येक क्लायंटसाठी (जोडलेल्या मशीनसाठी) वेगळी प्रोसेस काढतो, म्हणून आधी बघा की सगळ्यांचं बंद पडतंय की एकाच मशीनचं कनेक्शन तुटतंय. मग लॉगमध्ये 'सिग्नल ११' शोधा, म्हणजे प्रोसेसने भलत्याच मेमरीत हात घातला, पण खरं कारण कधी कधी त्याच्या आधीच्या ओळीत असतं. तिथे टीडीबी (सांबाच्या छोट्या डेटाबेस फायली) दिसलं तर समजा सापडलं, कारण उघड्या फायली, लॉक वगैरेची नोंद सांबा या टीडीबी फायलीत ठेवतो आणि डिस्क भरली किंवा मशीन अचानक बंद झालं की त्या बिघडू शकतात. डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारून व्हार (लॉग आणि टीडीबी ठेवायचं फोल्डर) भरलंय का बघा, सर्व्हिस बंद करा, टीडीबीबॅकअप या कमांडला व्ही ऑप्शन (-v) देऊन एकेक फाईल तपासा. लॉकिंग टीडीबी उडवली तरी चालते, सुरू करताना नवी बनते. सिक्रेट्स आणि पासडीबी या टीडीबी फायली मात्र अजिबात उडवू नका, पासवर्ड त्यातच असतात.