ए डार्क रूम: माणसं ४८ झाली, तरी चामडं आणि सुकं मांस का साठत नाही?

तुम्ही लिहिलंय की ए डार्क रूम या ब्राउझरमधल्या, गाव वसवायच्या गेममध्ये बारा झोपड्या झाल्या, ४८ माणसं आली. त्यातले १० गॅदरर (लाकूड आणणारे), २० हंटर (शिकारी), ५ टॅनर (फरचं चामडं करणारे), मांस सुकवणारे ५ (गेममधले शार्कुटिए), आणि लोखंडाच्या व कोळशाच्या खाणीत ४-४ जण. तरी लाकूड सारखं शून्यावर, चामडं मुंगीच्या पावलांनी, आणि सुकं मांस तीन-चारच्या वर चढतच नाही. शिवाय बोरिवली ते चर्चगेट तासभर फोनच्या ब्राउझरमध्ये गेम चालू ठेवूनही साठा होता तेवढाच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी माणसांची वाटणी बघू.

गेम दर १० सेकंदांनी हिशेब करतो. एक हंटर अर्धी फर आणि अर्धं मांस आणतो, एक गॅदरर १ लाकूड. टॅनर ५ फर घेऊन १ चामडं देतो. शार्कुटिए ५ मांस आणि वर ५ लाकडं घेतो, तेव्हा कुठे १ सुकं मांस हाती लागतं. खाणीतला प्रत्येक माणूस १ सुकं मांस खाऊन १ लोखंड किंवा १ कोळसा काढतो.

आता तुमचेच आकडे मांडा. २० हंटर १० फर, १० मांस आणतात. ५ टॅनरना लागते २५ फर. ५ शार्कुटिएंना २५ मांस आणि २५ लाकडं, आणि गॅदरर आणतात फक्त १०. म्हणजे लाकूड खातोय तो मांस सुकवणारा. बहुतेकांचं लक्ष झोपड्यांच्या खर्चाकडे असतं आणि हा खड्डा दिसतच नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. एका कामावरची सगळी माणसं मिळून एकच गट धरला जातो. पाच टॅनरना २५ फर हवी आणि साठ्यात २४ असेल, तर चार जणांपुरतं तरी काम होईल असं नाही. पाचही जण बसून राहतात. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, तसंच. आणि २५ जमली की सगळी एका घासात गायब. म्हणून टॅनर वाढवून चामडं वाढत नाही, फक्त फर कधी साठत नाही. होकायंत्राला ४०० फर, २० खवले आणि १० दात लागतात. ते घेण्यासाठी फर जमवत असाल तेव्हा टॅनर सरळ शून्यावर आणा.

सुक्या मांसाचं तेच. खाणीतला चौघांचा गट ४ जमले की उचलतो, मग दुसरा गट टपलेला असतोच. गावाबाहेरच्या मोहिमेसाठी उरणार काय?

खरं प्रमाण असं बसतं: १० हंटरमागे १ टॅनर, १ शार्कुटिए आणि ५ गॅदरर. हे १७ जण मिळून १ चामडं आणि १ सुकं मांस देतात, आणि त्यावर खाणीतला एकच माणूस पोसला जातो. ४८ जणांत मी अशी वाटणी करीन: २४ हंटर, २ टॅनर, २ शार्कुटिए, २० गॅदरर, खाणीत कुणीही नाही. दर १० सेकंदांना १० लाकडं, २ चामडी, २ सुकं मांस निव्वळ शिल्लक, आणि थोडी फर-मांसही उरतं. सुकं मांस शंभर-दीडशे झालं की काही गॅदरर काढून खाणीत घाला, लोखंड हवं तेवढं काढा आणि परत बाहेर घ्या. खाणीत कायमची माणसं ठेवणं ४८ जणांच्या गावाला परवडत नाही.

झोपडी बांधायची असेल तेव्हा दोन्ही शार्कुटिए थोडा वेळ काढून ठेवा. पहिली झोपडी १०० लाकडांची, पुढची प्रत्येक ५० नी महाग. तुमची तेरावी ७०० ला पडेल. २० झोपड्या, ८० माणसं ही कमाल मर्यादा.

लाकूड गोळा करायचं बटण मात्र सोडू नका. हातगाडी असेल तर एका दाबात ५० लाकडं येतात आणि बटण ६० सेकंदांनी पुन्हा उघडतं. म्हणजे तुमचं एक बोट आठ गॅदररचं काम करतं. सापळ्यांचं बटण दर ९० सेकंदांनी. दहा सापळे असतील तर आमिष बनवणारा ट्रॅपर एकच पुरे, कारण तो ९० सेकंदांत ९ आमिषं करतो आणि एका खेपेला जास्तीत जास्त १० च खर्च होतात. मात्र प्रत्येक आमिषाला १ मांस जातं, म्हणून सापळ्यांतून मिळणारे खवले-दात हवे असतील तेव्हाच त्याला कामाला लावा. (दुकानात एक खवला १५० फरला आणि एक दात ३०० ला आहे, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.)

चामडं कशावर आधी खर्चायचं? पखाल, ५० चामड्यांची. मग रकसॅक, २०० ची. चिलखत त्यानंतर. बाहेर प्रत्येक पावलाला १ पाणी आणि दर दोन पावलांना १ सुकं मांस जातं. सुरुवातीला पाणी १० च असतं, म्हणजे पाच पावलं जाऊन परत फिरायचं. पखाल घेतली की २० होतं.

पोलादाची घाई करू नका. १ लोखंड आणि १ कोळसा मिळून १ पोलाद, म्हणजे मागे २ सुकं मांस, त्यामागे १० मांस आणि १० लाकडं. दर १० सेकंदांना एक पोलाद हवं तर एकट्या त्या साखळीला ३५ माणसं लागतात.

गावावर श्वापदांचा हल्ला झाला किंवा रोगराई आली की मेलेल्या माणसांची संख्या आधी गॅदररमधून वजा होते. गॅदरर कमी पडले तर गेम इतर कामांवरची माणसं परस्पर काढतो. अशा घटनेनंतर गावाचं पान उघडून वाटणी तपासा.

आता लोकलचा मुद्दा. हा गेम बंद असताना पुढे सरकत नाही. फोनची स्क्रीन लॉक केली किंवा व्हॉट्सॲपवर गेलात की ब्राउझर पान थांबवतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्येही आवाज न करणारा टॅब पाच मिनिटांहून जास्त मागे राहिला की त्याची घड्याळं मिनिटाला एकदाच चालतात. गेम एकेक सेकंद मोजतो, त्यामुळे १० सेकंदांचा हिशेब व्हायला दहा मिनिटं लागू शकतात. वेगळी छोटी खिडकी करून ती झाकली जाणार नाही अशी कोपऱ्यात ठेवा. तळाच्या मेनूत हायपर मोड आहे, त्याने वेग दुप्पट होतो.

आणि त्याच मेनूतून सेव्ह एक्स्पोर्ट करून तो कोड स्वतःला मेल करा. सगळी प्रगती ब्राउझरच्या साठवणीत असते, हिस्टरीबरोबर साइटचा डेटा पुसला की अख्खं गाव जातं. घरच्या कॉम्प्युटरवरचं गाव फोनवर आणायलाही तोच कोड चालतो.