गटाराचा हिशोब कसा मागावा?

प्रश्न : आमच्या गावात गेल्या वर्षी वित्त आयोगाच्या निधीतून गटार बांधले गेले. खर्च विचारला की ‘सगळे ऑनलाइन आहे’ असे सांगतात. ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि नंतर मोजक्या लोकांत उरकली जाते. आम्ही नेमके काय मागावे? — एक वाचक

उत्तर : ‘सगळे ऑनलाइन आहे’ हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्ची पडलेली रक्कम दिसते. त्या रकमेत काँक्रीट किती पडले, हे तिथे कळत नाही. त्यासाठी त्या एका कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एम.बी. म्हणतात, एवढेच मागा. ‘पाच वर्षांचा संपूर्ण हिशोब द्या’ अशा अर्जातून कागदांचा गठ्ठा मिळाला तरी तो वाचणार कोण? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार १० रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, आणि कामाची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही याच अधिकारात मोडते, याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही.

प्रत हाती आली की चार जणांनी टेप घेऊन गटारावर जावे. माझ्या मते लांबीच्या आधी भिंतीची जाडी मोजावी. लांबीतली तूट येता-जाता डोळ्यांत भरते, जाडीतली भरत नाही. मात्र फरक आढळला म्हणजे अपहारच झाला असे नव्हे. उतार न मिळाल्यामुळेही आखणी बदलावी लागते. अशा वेळी बदलाला मंजुरी कोणी व कधी दिली, हे विचारावे.

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तहकूब सभेला ही अट नाही, त्यामुळे तिथे आलेल्या पंधरा जणांचा ठराव हाच गावाचा ठराव ठरतो. पहिल्या सभेला येऊन परत गेलेल्यांनी तहकूब सभेची तारीख विचारून घ्यावी आणि तिला आवर्जून यावे. प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि तो इतिवृत्तात उतरला की नाही, हे पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचले जाते तेव्हा तपासावे.