उताऱ्यातलं आणि डोक्यातलं

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे, नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. उतारा घडाघडा वाचते, शब्दार्थही येतात. पण 'उताऱ्यावरून काय सिद्ध होते' असं विचारलं की हमखास चुकते. काय करावं?
– एक पालक, देवगड

उत्तर : कोणत्या विषयांवरच्या उताऱ्यात चुकते ते आधी पाहा. आंबा, मासळी, पाऊस असे ओळखीचे विषय आले की मूल उत्तर कागदावरून न देता घरच्या माहितीवरून देतं. हा नमुना घ्या :

'यंदा पावसाळ्यापूर्वी डोंगरउतारावर चर खणले. गेल्या वर्षी मार्चमध्ये आटलेल्या वाडीच्या विहिरीला यंदा मेपर्यंत पाणी होते. म्हणून प्रत्येक वाडीने चर खणावेत, असे सरपंचांना वाटते.'

पर्याय : (१) चरांमुळेच पाणी टिकले. (२) जांभ्या दगडातून पाणी लवकर झिरपते. (३) यंदा विहिरीला जास्त दिवस पाणी होते. (४) चर खणले की सर्व विहिरी मेपर्यंत टिकतात.

उत्तर (३). दुसरा पर्याय खरा आहे, पण उताऱ्यात नाही. कोकणातली मुलं इथेच फसतात. चौथ्यात एका विहिरीच्या 'सर्व' झाल्या. पहिला सर्वांत फसवा : चरांनंतर पाणी टिकलं, एवढंच दिसतं. यंदा पाऊसच जास्त झाला असेल, किंवा उपसा कमी झाला असेल. मुलीला विचारा, सरपंचांचं म्हणणं पटायला आणखी काय कळायला हवं? दोन्ही वर्षांचा पाऊस, किंवा चर न खणलेल्या शेजारच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी, असं काही ती सांगू लागली की गाडी रुळावर आली म्हणायची. मात्र प्रश्न 'सरपंचांचे मत कोणते' असा असेल तर उत्तर बदलतं. प्रश्नाचे शब्दही नीट वाचायला लावा.

घरी रोज एकच उतारा पुरे. घडलेल्या, मोजलेल्या गोष्टींखाली निळी रेघ. 'वाटते', 'असावे', 'म्हणून' यांखाली लाल. प्रत्येक उत्तराला आधाराच्या ओळीवर बोट ठेवायचं. ओळ सापडली नाही तर बरोबर उत्तरही धरू नका. मुलं कुरकुरतात, तरी सूट नको. दोनेक आठवड्यांनी रेघा बंद.

परीक्षेत भाषेचे चार उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न, प्रश्नाला सव्वा गुण. एकूण ८० प्रश्नांना दोन तास; त्यातला अर्धा तास इथे द्यावा, म्हणजे उताऱ्याला सात-साडेसात मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नये. आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचण्याची युक्ती या वयात नको : मुलं नुसता शब्द शोधतात, आणि तोच शब्द चुकीच्या पर्यायातही मुद्दाम पेरलेला असतो.